आधी केर की आधी धूळ?



आपल्या आई-सासूच्या पिढीतल्या कोणत्याही बाईला विचारा, उत्तर एकच येईल: आधी केर काढायचा, मग फडकं घ्यायचं. केर काढताना धूळ उडते आणि ती टेबलावर, कपाटावर बसते, म्हणून पुसणं नंतर. आता एखाद्या मोठ्या ऑफिसात किंवा हॉटेलात साफसफाईचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या मुलीला विचारा. ती बरोबर उलटं सांगेल: आधी वरची धूळ, सगळ्यात शेवटी जमीन. आमच्या घरात यावर सुनेची आणि माझी चांगली चर्चा रंगली होती. दोघींपैकी चूक कोण? माझं मत असं की कोणीच नाही. हातातलं हत्यार बदललं आणि म्हणून कामाचा क्रम बदलला. मात्र हे हत्यार बदलायला शंभर-दीडशे वर्षं लागली आणि त्या काळात झाडणाऱ्या माणसांनी फार धूळ खाल्ली. तो इतिहास आज सांगावासा वाटतो.

सुरुवात घरातूनच करू. आपल्याकडे झाडण्याला 'प्रमार्जन' असा देखणा शब्द आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रोषधोपवासाचे अतिचार सांगितले आहेत. न पाहता आणि न झाडता एखादी वस्तू उचलणं, अंथरूण पसरणं हे तिथे दोष म्हणून येतात. म्हणजे आधी डोळ्यांनी पाहायचं, मग मऊ उपकरणानं झाडायचं, मगच वस्तूला हात लावायचा. दिगंबर मुनी आणि आर्यिकांच्या हातातली मोरपिसांची पिच्छी याच कामासाठी असते. श्वेतांबरांकडे लोकरीचं रजोहरण असतं, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी धूळ हरण करणारं असा आहे. रात्री चालताना पुढची वाट हळुवार झाडायला त्यांच्याकडे लांब दांड्याचं दंडासनही असतं.

पिच्छीचे पाच गुण आपल्या आचारग्रंथांत सांगितले आहेत. ती धूळ धरून ठेवत नाही, घाम शोषत नाही, मऊ आहे, सुकुमार आहे आणि हलकी आहे. एखादी कंपनी झाडू विकत घेताना कागदावर अटी लिहिते ना, तशीच ही यादी वाटते मला. पिसांचा मऊपणा वापरून कमी होतो, म्हणून चातुर्मासानंतर पिच्छी परिवर्तनाचा सोहळा आपण करतो. हेतू अर्थात वेगळा आहे. पिच्छी जीव वाचवण्यासाठी आहे, फरशी चकचकीत करण्यासाठी नाही. पण झाडण्याच्या साधनाचा इतका बारीक विचार आपल्याकडे फार जुना आहे, हे ध्यानात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.

आता रोजच्या वापरातले झाडू. शिंदीच्या पानांची केरसुणी शेणानं सारवलेल्या जमिनीसाठी. तिचा फटकारा मऊ असतो, सारवण उकरत नाही. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते ती हीच. पिढ्यान् पिढ्या ती बांधली मातंग समाजातल्या कारागिरांनी, आणि पूजा करताना त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही, हेही खरं. अंगणासाठी नारळाच्या हिरांचा खराटा. गुळगुळीत फरश्या आल्या तेव्हा ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताचा फुलझाडू घरोघरी आला. जशी जमीन तसा झाडू, हे शहाणपण आपल्या बायकांना कोणी शिकवावं लागलं नाही. अंगण झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा करायचा, हेही नाही.

पण तो शिडकावा अंगणात राहिला. पेढीवर, गोदामात, गिरणीत झाडणं कोरडंच. धान्याच्या अडतीत संध्याकाळी केर निघत असताना समोरचा माणूस दिसेनासा होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पोती उचलली की भुसा, माती, किडे, उंदराच्या लेंड्या, सगळं एकदम हवेत. आणि झाडणारा माणूस कमरेत वाकलेला, म्हणजे त्याचं नाक त्या ढगाच्या मधोमध.

पश्चिमेकडेही वेगळं नव्हतं. झाडाच्या डहाळ्या काठीला गोल बांधायच्या, की झाला झाडू. १७९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन नावाच्या शेतकऱ्यानं एका विशिष्ट पिकाच्या तुऱ्यांचा झाडू बांधला. तो इतका आवडला की पुढे त्याचा धंदाच झाला. ते पीक कोणतं माहीत आहे? आपल्या ज्वारीचंच भावंड. दाण्यासाठी नाही, लांब तुऱ्यासाठी लावतात. त्यानंतर थोड्याच काळात शेकर नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या थिओडोर बेट्स यांनी तो गोल जुडगा दाबून चपटा केला आणि शिवून टाकला. गोल झाडू जमिनीला एका बिंदूवर टेकतो, चपटा झाडू एका रेषेत टेकतो. एका फटक्यात जास्त जागा, कमी उडवाउडवी. दांडाही लांब, त्यामुळे माणूस सरळ उभा राहून झाडू लागला. आपल्याकडे मात्र झाडणारा आजही बहुतेक ठिकाणी वाकलेलाच असतो.

झाडू सुधारला तरी एक प्रश्न तसाच होता: धूळ जाते कुठे? याचं सडेतोड उत्तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णसेवेवरच्या आपल्या पुस्तकात दिलं. ते १८५९ च्या अखेरीस छापलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही ज्याला धूळ झटकणं म्हणता, ते म्हणजे खोलीच्या एका भागातली धूळ दुसऱ्या भागात नेऊन ठेवणं. धूळ खरोखर काढायची असेल तर ओलसर फडक्यानं पुसा. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. वाचताना मला आमची 'काँट्रा एंट्री' आठवली. रोख रक्कम बँकेत भरली, बँकेतून काढून पुन्हा गल्ल्यात ठेवली. वहीत दोन नोंदी झाल्या, धंद्यात काडीचा फरक नाही. पिसांच्या झाडूनं फाइली झटकणं हे तसंच. कपाटाच्या खात्यातून काढली, जमिनीच्या नावे टाकली, आणि पंखा चालू असेल तर आपल्या फुप्फुसाच्या नावे.

दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, इसाबेला बीटन यांचं गृहव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात गालिचा झाडण्याआधी त्यावर वापरलेली ओलसर चहापत्ती पसरायची युक्ती आहे. चहापत्तीला धूळ चिकटते, मग दोन्ही एकत्र गोळा. पुढे कारखान्यांत, शाळांत चहापत्तीच्या जागी ओला किंवा तेल लावलेला लाकडाचा भुसा आला, आणि तो प्रकार आजही गोदामांत वापरला जातो. जमिनीवर भुशाची एक ओळ टाकायची आणि झाडूनं तीच ओळ पुढे ढकलत न्यायची. अंगणातला आपला पाण्याचा शिडकावा, त्यांची चहापत्ती, कारखान्यातला भुसा: तत्त्व एकच, की धुळीला आधी जड करा, मग हलवा.

१८७० मध्ये जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. अंधाऱ्या खोलीत प्रखर प्रकाशाचा झोत सोडून हवेतली धूळ त्यानं लोकांना दाखवली. आपण सगळ्यांनीच खिडकीतून आलेल्या कवडशात हे नाचणारे कण पाहिले आहेत. बारा वर्षांनी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि कवडशातल्या त्या गमतीची भीती वाटू लागली. रोगी थुंकतो, थुंकी वाळते, झाडणारा ती झाडतो, धुळीबरोबर जंतू सगळ्यांच्या नाकात. म्हणून कोरडं झाडू नका, थुंकीपात्र वापरा, जमीन ओली करून पुसा, असा प्रचार देशोदेशी झाला. पुढच्या संशोधनात असं दिसलं की क्षय मुख्यतः रोग्याच्या खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो, जमिनीवरच्या वाळक्या धुळीचा वाटा मानला तेवढा नाही. भीती जरा चुकीच्या जागी होती खरी, पण त्या भीतीनं जी सवय लावली ती चांगलीच लागली.

आपल्या देशात ही विचारसरणी कायद्यात उतरली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं अकरावं कलम साफसफाईचं होतं. कामाच्या खोल्यांच्या जमिनी, बाकं, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा इथला केरकचरा रोज झाडून किंवा दुसऱ्या परिणामकारक रीतीनं काढायचा. जमीन आठवड्यातून एकदा तरी धुवायची. पांढऱ्या रंगाच्या भिंतींना चौदा महिन्यांतून एकदा पुन्हा हात द्यायचा. विसाव्या कलमात थुंकीपात्रं ठेवायची सक्ती होती, आणि भलतीकडे थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड. ती रक्कम वाचून हसू येतं, पण १९४८ मध्ये पाच रुपये ही काही गंमत नव्हती.

आता यंत्रांकडे वळते, कारण क्रम बदलला तो यंत्रांमुळे. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेलव्हिल आणि ॲना बिसेल या नवरा-बायकोचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी भुशात भरून येत. पेटी उघडली की भुसा गालिच्यात घुसे आणि कशानं निघत नसे. त्यातून मेलव्हिल यांनी चाकांबरोबर फिरणाऱ्या ब्रशाचं आणि झाकणबंद डब्याचं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १८७६ चं. केर उडायच्या आत डब्यात. १८८९ मध्ये मेलव्हिल वारले आणि ॲनाबाईंनी कंपनी हाती घेतली, पुढे परदेशांतही नेली. एवढी मोठी कंपनी चालवणारी त्या काळातली बाई! दुकानातल्या भुशातून उभी राहिलेली. माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकांत एका तरी बाईचं असं उदाहरण होतं का, आठवत नाही. आणखी एक योगायोग: १८७६ हेच आपल्या गाडगे महाराजांचं जन्मवर्ष. एकीकडे केर डब्यात बंद करणारं यंत्र, दुसरीकडे खराटा घेऊन गावात शिरणारे आणि कीर्तनाआधी गाव झाडून काढणारे महाराज.

१९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरनं धूळ काढायच्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवत होतं. बूथनं विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? उत्तर मिळालं, तसं होऊच शकत नाही. मग या गृहस्थानं एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला होता. त्याच वर्षी पेटंट. त्याचं यंत्र एवढं अवाढव्य की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करायचं आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे या यंत्रानं साफ झाले. काँट्रा एंट्री संपली, ती इथे. धूळ प्रथमच खोलीतून खरी बाहेर गेली. पण ही सोय राजांची आणि श्रीमंतांची.

ती झाडणाऱ्या माणसाच्या हातात आणली एका झाडणाऱ्यानेच. जेम्स मरे स्पँग्लर हे ओहायोतल्या कँटन गावात एका मोठ्या दुकानात रात्री सफाईचं काम करत. वय साठीला टेकलेलं. तरुणपणी शेतीची अवजारं शोधून काढली, पेटंटं घेतली, पण पैसा काही मिळाला नाही. त्यात दमा. रोज रात्री गालिचे झाडायचे, रोज धूळ छातीत जायची. नोकरी सोडून चालणार नव्हतं आणि करून श्वास पुरत नव्हता. १९०७ मध्ये त्यांनी हाताशी होतं ते गोळा केलं: विजेची छोटी मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा, आणि मागे धूळ जमवायला चक्क उशीचा अभ्रा. जून १९०८ मध्ये पेटंट मिळालं. यंत्रं बनवायला भांडवल नव्हतं. ओळखीतल्या सुझन हूव्हर या बाईंनी यंत्र घरी वापरून पाहिलं, त्यांना आवडलं आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचा धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा. मोटारी आल्यामुळे त्या धंद्याला उतरती कळा लागणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं हक्क विकत घेतले आणि पुढे इंग्लंडात त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं. स्पँग्लर १९१५ मध्ये वारले. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? व्हॅक्यूम क्लीनर हा मला कायम श्रीमंती थाटाचा प्रकार वाटायचा. त्याचा जन्म एका झाडूवाल्याच्या दम्यातून झाला, हे कळल्यापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघते.

आता क्रमाचं कोडं. धुळीचा कण केवढा यावर तो किती वेळ हवेत राहतो हे ठरतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या सातव्या हिश्शाएवढा, संथ हवेत आपल्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे आठ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला तोच प्रवास करायला जवळजवळ बारा तास लागतात. म्हणजे सासूबाई 'केर काढून झाला की थोडं थांब, मग पूस' म्हणत त्यात जाड धुळीपुरता अर्थ होता. केरसुणी हातात असताना तोच क्रम बरोबर. पण जी धूळ सगळ्यात बारीक, छातीत सगळ्यात खोल जाणारी, ती संध्याकाळपर्यंत तरंगतच होती. धूळ न उडवणारी साधनं आल्यावर वाट पाहायचं कारणच उरलं नाही. मग वरून खाली यायचं, कारण वरचं खाली पडणारच.

व्यावसायिक सफाईवाले हे काम कसं करतात, ते सुनेच्या ऑफिसातल्या मावशींनी मला सविस्तर सांगितलं. मावशी म्हणजे तिथे सफाईचं काम करणाऱ्या बाई, चार वर्षं प्रशिक्षित कंपनीत होत्या. काम सुरू करण्याआधी त्या खोलीला एक फेरी घालून नुसतं बघतात: कुठे काय सांडलंय, काचेचा तुकडा आहे का, वायर लोंबतेय का. (आधी पाहायचं, मग झाडायचं! आपला सातवा अध्याय मला तिथेच आठवला.) पंखे बंद. दारापासून सुरुवात करून एकाच दिशेनं खोलीभर फिरायचं, म्हणजे काही सुटत नाही. प्रत्येक ठिकाणी वरून खाली.

फडकं घेतात ते मायक्रोफायबरचं. त्याचा प्रत्येक धागा चिरून इतका बारीक केलेला असतो की धूळ त्याच्या खाचांत अडकते, नुसती ढकलली जात नाही. ते फडकं दोनदा घडी घालायचं. घडी उलटसुलट करत गेलं की पुसायला आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची. फडकं गरगर फिरवायचं नाही, सरळ पट्ट्यांत न्यायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा. पाणी किंवा औषध फडक्यावर मारायचं. टेबलावर, की-बोर्डवर, स्विचवर कधीही नाही. फडकं झटकायचं नाही, धुवायला टाकायचं. रंगही ठरलेले: संडास-बाथरूमचं लाल, स्वयंपाकाच्या जागेचं हिरवं, ऑफिसच्या टेबलांचं निळं. आपल्याकडे सोवळ्याचं फडकं वेगळं असायचं, त्याला इथे कारण मिळालं.

जमिनीची पाळी शेवटी. लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे यायचं. गुळगुळीत फरशीवर रुंद सपाट मॉप एकदा टेकवला की उचलायचा नाही. पुढची कड पुढेच ठेवून, भिंतीपाशी वळून, इंग्रजी आठाच्या आकारात आणायचा. मधेच उचलला की जमवलेली धूळ तिथेच सांडली. साधा झाडू असेल तर फटकारा संपताना मनगट वर उडवायचं नाही, झाडू जमिनीलगत ठेवून ओढायचा. आपण सगळ्या जणी तो शेवटचा झटका देतो बघा, उडते ती धूळ त्या झटक्यानंच. सगळी धूळ निघाल्यावर ओला पोछा, तोही दोन बादल्यांनी: एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत पिळायचं. धूळ असतानाच ओलं केलं की चिखल होतो आणि तो सांध्यांत बसतो.

मुंग्यांची रांग असेल तर काय करता, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'ताई, त्यांना जाऊ द्यायचं, तेवढ्यात दुसरीकडचं आवरायचं.' प्रशिक्षणात हे नसणार. सपाट मॉप मुंगीवरून सरकला तर चिरडतोच, त्यामुळे यत्नाचार पाळणाऱ्या घरात आधी डोळ्यांनी पाहणं आणि मऊ कुंच्यानं बाजूला करणं सुटत नाही. तेवढ्यापुरती आपली जुनी रीत सरस.

मावशींनी आणखी एक गोष्ट दाखवली: दारांच्या वरच्या चौकटी, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, एसीची जाळी. जिथे नजर जात नाही तिथे धूळ साठते. याचं किती मोल द्यावं लागू शकतं, त्याचं उदाहरण सांगते. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे साखर कारखाने आहेत म्हणून मुद्दाम. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. चौदा कामगार गेले. काही गळालं नव्हतं, बॉम्ब नव्हता. साखरेची धूळ होती. पहिला स्फोट लहान जागेत झाला. त्या हादऱ्यानं जमिनीवर, तुळयांवर साठलेली साखरेची भुकटी हवेत उडाली, ती पेटली आणि स्फोटामागून स्फोट होत गेले. ज्वलनशील धुळीच्या बाबतीत तिथल्या अग्निसुरक्षा मानकांत अनेक वर्षं वापरली गेलेली धोक्याची रेषा आहे एक बत्तीसांश इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा थर. पोस्टकार्ड दोन-तीन एकावर एक ठेवली की झालं. अशा ठिकाणी धूळ हवेच्या झोतानं उडवणं म्हणजे आगीला आमंत्रण. तुळया-पट्ट्या झाडणं हे तिथे टापटिपीचं काम नाही, जिवाचं आहे.

दगडाची धूळ पेटत नाही, पण ती आत जाऊन बसते. वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट, टाइल कापताना सिलिका नावाची बारीक धूळ निघते. ती फुप्फुसात शिरली की तिथे व्रण धरत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारनं सिलिकाचे नियम केले. जिथे ओलं झाडणं किंवा बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमनं ओढणं शक्य आहे, तिथे कोरडं झाडायला त्यांनी मनाई केली. ही बारीक गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. म्हणजे जे काम आपल्याकडे अजूनही 'जरा झाडून घे' म्हणून कोणालाही सांगितलं जातं, ते तिथे नियमात बसत नाही.

कोणालाही, असं म्हटलं खरं, पण आपल्या समाजात ते कोणालाही सांगितलं गेलं नाही. झाडण्याचं काम ठरावीक जातींवर टाकलं गेलं, आणि ज्याचं काम त्याला कमीपणा, असा व्यवहार झाला. साधनं सुधारली नाहीत याचं एक कारण मला हेच वाटतं. ज्यांच्या हातात पैसा आणि निर्णय होता, त्यांच्या कमरेत कळ येत नव्हती आणि त्यांच्या छातीत धूळ जात नव्हती. लांब दांड्याला लागतो तो खर्च केवढा? आमच्या सोसायटीच्या सभेत मी लांब दांड्याचे झाडू, मास्क आणि दोन सपाट मॉप असा हिशेब मांडला. वर्षाकाठी प्रत्येक घरामागे पडणारी रक्कम एका वेळच्या भेळेपेक्षा कमी निघाली. ठराव मंजूर व्हायला मात्र तीन सभा लागल्या.

शेवटी खंभातचं सांगते. गुजरातमधलं हे जुनं बंदर अकीकाच्या दगडांसाठी प्रसिद्ध आहे. मणी, माळा, अंगठीचे खडे तिथे घासून-पॉलिश करून तयार होतात. हे काम पिढ्यान् पिढ्या घराघरांत चालत आलं आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. घासताना जी पांढरी भुकटी उडते ती घासणाऱ्याच्या छातीत जातेच, पण अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासात असंही दिसलं की ज्यांनी कधी दगडाला हात लावला नाही, अशा आसपासच्या लोकांनाही धुळीची बाधा होते. त्या घरांतली जमीन संध्याकाळी झाडतं कोण, हे वेगळं सांगायला नको. ओलं घासणं, यंत्राशेजारी धूळ ओढून घेणारा पंखा, आणि झाडण्याआधी जमिनीवर पाणी, हे तीन उपाय तिथे सांगितले जातात. पहिल्या दोघांना पैसा आणि वीज लागते. तिसऱ्याला एक तांब्या.